इंग्लंडमधील जुने कंट्री हाउस पाहायचे आहे. पण पाहायचे म्हणजे नेमके काय?

सावकाश प्रवासी

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात आम्ही दोघे पाच आठवड्यांसाठी मुलीकडे लंडनला जात आहोत. चार वर्षांपूर्वीच्या सहलीत आम्हाला एका नामांकित कंट्री हाउसमध्ये, म्हणजे उमरावांच्या गावाकडच्या प्रासादात, नेले होते. दोन तासांत पंचवीस-तीस दालने पाहिली असतील. मार्गदर्शक बाई अखंड बोलत होत्या. चौथ्या ड्यूकने काय विकत घेतले आणि सातव्या ड्यूकने काय विकून टाकले, हे त्यांना तोंडपाठ होते. परंतु बाहेर येऊन बसमध्ये बसलो तेव्हा आम्हा दोघांच्या लक्षात राहिले होते ते एवढेच : सोनेरी चौकटी, केसांचे पांढरे टोप घातलेली माणसे आणि छताकडे पाहून आखडलेली मान. ते घर वाईट होते असे मुळीच म्हणवत नाही. आम्हालाच ते वाचता आले नाही, असे मला आजही वाटते.

या वेळी घाई नाही. लंडनबाहेर एक पूर्ण दिवस आणि लंडनमध्येच अर्धा दिवस एवढा वेळ आम्ही यासाठी राखून ठेवला आहे. अशा घरात गेल्यावर काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि त्या दृष्टीने कोणते घर निवडावे, याबद्दल जाणकारांनी सांगावे. पत्नीचे गुडघे दुखतात, तेव्हा जिन्यांचाही विचार करावा लागेल.

आणखी एक गोष्ट लिहावी की नाही, या विचारात होतो, पण लिहितो. पत्नीचे म्हणणे असे की, ज्यांनी हिंदुस्थानातून पैसा नेऊन हे प्रासाद उभे केले, त्यांचे वैभव पुन्हा आपणच तिकीट काढून का पाहायचे? मला तिला पटेल असे उत्तर देता आलेले नाही.

घड्याळजी

दोन तासांत तीस दालने म्हणजे एका दालनाला चार मिनिटे, आणि त्यातलीही एक-दोन मिनिटे चालण्यात व पुढच्या माणसाच्या डोक्यावरून डोकावण्यात गेलेली. असे पाहिले तर खुद्द घरमालकालाही आपले घर कळले नसते. माझा अनुभव असा आहे की, आत शिरण्यापूर्वी एकच धागा हाती धरावा आणि शेवटपर्यंत तो सोडू नये. बाकीच्या गोष्टी त्याला आपोआप येऊन चिकटतात.

डर्बीशरमधल्या हार्डविक हॉलचे उदाहरण देतो. श्रूजबरीची काउंटेस एलिझाबेथ, जिला सगळे बेस ऑफ हार्डविक म्हणूनच ओळखतात, तिने १५९० च्या दशकात हे घर बांधले. तिथे धागा म्हणून फक्त उंची धरावी. तळमजल्यावर नोकरचाकरांची कामे चालत, तिथली छते बेताची आहेत; मधल्या मजल्यावर बेस स्वतः राहत असे, तिथली छते थोडी उंच आहेत; आणि पाहुण्यांना दिपवून टाकण्यासाठी राखलेली दरबारी दालने सर्वांत वर आहेत, जिथे छत सर्वांत उंच आणि खिडक्याही सर्वांत मोठ्या आहेत. बाहेर उभे राहून पाहिले तरी मजल्यागणिक वाढत जाणाऱ्या खिडक्यांवरून हा सगळा मानपानाचा हिशेब वाचता येतो. काच अतिशय महाग होती त्या काळात बाईने भिंतींहून काचच जास्त दिसावी असे घर बांधले, आणि तरीही ते कोणाचे आहे याबद्दल शंका राहू नये म्हणून मनोऱ्यांच्या माथ्यावर आपल्या नावाची आद्याक्षरे दगडात उभी केली.

वरच्या लाँग गॅलरीत, म्हणजे लांबलचक दालनात, बायबलमधील गिडियनची कथा विणलेल्या १३ टॅपेस्ट्री, म्हणजे भिंतीवर टांगायची विणलेली चित्रे, आहेत. बेसने त्या १५९२ मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीचा दिवंगत दरबारी सर क्रिस्टोफर हॅटन याच्या मालमत्तेतून विकत घेतल्या. त्यांवर हॅटनचे कुलचिन्ह होते. ते बदलण्याचा खर्च येणार, या कारणासाठी तिने किमतीत पाच पौंडांची सूट मिळवली आणि त्या चिन्हांवर आपली चिन्हे रंगवून घेतली. राणीखालोखाल श्रीमंतांत गणली जाणारी ही बाई पाच पौंडांसाठी घासाघीस करते, हे एकदा कळले की त्या टॅपेस्ट्री जन्मभर लक्षात राहतात. अलीकडेच त्यांच्या जतनाचे काम पुरे झाले; त्याला २४ वर्षे लागली.

आता हे सगळे सांगून झाल्यावर सांगतो की, वहिनींच्या गुडघ्यांना हार्डविक मानवणार नाही, कारण तिथे जे पाहण्यासारखे आहे ते जिने चढून गेल्यावरच आहे.

घर निवडताना ते कोणाच्या ताब्यात आहे हेही पाहावे. ही घरे आपल्याला पाहायला मिळतात याचे मोठे श्रेय वारसा कराकडे जाते. १८९४ मध्ये मृत्यूनंतरच्या मालमत्तेवर नवा कर आला आणि त्याचे दर पुढे चढतच गेले. १९५० मध्ये हार्डविकचे तेव्हाचे मालक, डेव्हनशरचे दहावे ड्यूक वारले, तेव्हा तो ८० टक्क्यांवर पोहोचला होता. त्या देण्यापोटी कुटुंबाने हार्डविक हॉल सरकारजमा केला आणि १९५९ मध्ये तो नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आला. त्यांचे मुख्य घर चॅट्सवर्थ मात्र वाचले. तिथे कुटुंब आजही राहते आणि घराचा कारभार एक धर्मादाय न्यास पाहतो. नॅशनल ट्रस्ट १८९५ मध्ये स्थापन झाला तो मुख्यतः मोकळ्या जागा आणि लहानसहान जुन्या इमारती वाचवण्यासाठी. मोठ्या घरांचा ओघ त्याच्याकडे सुरू झाला तो १९३७ च्या कायद्यानंतर, ज्यामुळे मालकांना घर ट्रस्टला देऊन तिथेच राहण्याची सोय झाली. काही घरे इंग्लिश हेरिटेज या अशाच दुसऱ्या संस्थेकडे आहेत. उरलेली खासगी आहेत; त्यांतली काही वर्षातून मोजकेच दिवस उघडतात आणि ठरावीक वेळेच्या मार्गदर्शित फेरीशिवाय आत सोडत नाहीत. तुमचा मागचा अनुभव लक्षात घेता, ज्या घरात आपल्या गतीने फिरता येते असेच घर निवडा, असे मी म्हणेन.

मे महिना उत्तम आहे. हिवाळ्यात अनेक घरांतली मुख्य दालने बंद असतात, आणि मे महिन्यात बागाही भरात असतात.

लंडनमधल्या अर्ध्या दिवसासाठी ऑस्टर्ली हे घर सुचवतो. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या पिकॅडिली लाइनवर त्याच नावाचे स्थानक आहे आणि तिथून पायी जाता येते.

तळघर

मी उलटा मार्ग सुचवते. घरात गेल्यावर सर्वांत आधी तळघर किंवा नोकरांची बाजू पाहावी आणि मग वर जावे. खालून वर गेलेल्या माणसाला जेवणाच्या दालनातले लखलखीत टेबल पाहताना, हे कोणी घासले, ताटे कोणत्या दाराने आली आणि सूप इथवर येईपर्यंत गरम राहिले असेल का, असे प्रश्न पडू लागतात. आणि प्रश्न पडू लागले की कंटाळा जातो.

स्वयंपाकघर जेवणाच्या दालनापासून मुद्दाम लांब ठेवलेले असे, कारण वास आणि आग या दोन्हींची धास्ती होती. त्यामुळे बहुतेक घरांत अन्न लांबलचक बोळांतून, जिन्यांवरून, कधी कधी तर वेगळ्या इमारतीतून येत असे. कॉर्नवॉलमधील लॅनहायड्रॉक हे घर १८८१ च्या आगीत बरेचसे जळाले आणि नव्याने बांधताना त्या काळच्या सर्व सोयी त्यात घातल्या गेल्या. तिथे मुख्य स्वयंपाकघर, भांडी घासायची मोरी, पाव भाजायची खोली, दुधदुभत्याची खोली आणि मांस, मासे वगैरेंची निरनिराळी कोठारे अशी रांगच पाहायला मिळते. दुधाच्या खोलीत संगमरवरी ओट्यावर पाणी खेळवून पदार्थ गार ठेवण्याची केलेली योजना पाहून मी तिथे बराच वेळ उभी राहिले होते, आणि त्यानंतर पाहिलेल्या दिवाणखान्याचा रंग कोणता होता हे मला आज आठवत नाही. पण लॅनहायड्रॉक लंडनहून एका दिवसात जमणारे नाही. जवळचे हवे असेल तर एसेक्समधील ऑड्ली एंडला जावे. तिथली सेवकांची बाजू व्हिक्टोरियन काळाप्रमाणे मांडून ठेवली आहे, आणि बहुतेक भाग तळमजल्यावरच असल्याने गुडघ्यांनाही फार त्रास नाही.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष ठेवावे. भिंतीवरचा कागद किंवा लाकडी पट्ट्या जिथे जराशा तुटक वाटतात, तिथे बहुधा भिंतीत लपवलेले दार असते. नोकराने दिसू नये पण हजर असावे, ही अपेक्षा त्या एका दारात जितकी स्पष्ट दिसते तितकी कोणत्याही माहितीफलकावर दिसत नाही.

हिशेबनीस

वहिनींचा प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर घरागणिक बदलते, म्हणून थोडा हिशेब मांडतो.

हार्डविक पुरे झाले तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचा जन्मही झालेला नव्हता. तिला सनद मिळाली ती १६०० च्या अखेरीस. म्हणजे तिथे आपला पैसा शोधण्यात अर्थ नाही. दुसऱ्या टोकाला बर्कशरमधील बेसिल्डन पार्क आहे. सर फ्रान्सिस साइक्स या कंपनीच्या अधिकाऱ्याने बंगालमध्ये, मुर्शिदाबादच्या परिसरात, अफाट माया जमवली आणि परत जाऊन १७७६ ते १७८३ या काळात जॉन कार या वास्तुरचनाकाराकडून हे घर बांधून घेतले. अशा परतलेल्या नवश्रीमंतांना इंग्लंडमध्ये ‘नेबॉब’ म्हणत. हा आपल्या ‘नवाब’ शब्दाचाच अपभ्रंश आहे आणि तो मुळीच आदराने वापरला जात नसे.

या दोन टोकांच्या मधे ऑस्टर्ली येते. चाइल्ड हे लंडनचे सराफ कुटुंब. त्यांची पेढी होती आणि घरातली माणसे कंपनीच्या संचालक मंडळावरही बसली. त्या घरात चिनी कारागिरांकडून कुटुंबाचे कुलचिन्ह घालून बनवून घेतलेली भांडी आणि लाखेच्या कामाचा लाकडी, घडीचा आडपडदा आहे. अशा लाखकामाला कोरोमंडल म्हणतात, कारण चीनमध्ये बनलेला हा माल आपल्या पूर्व किनाऱ्यावरून पुढे जात असे. घराची अंतर्रचना रॉबर्ट ॲडम या वास्तुरचनाकाराने १७६० नंतरच्या वीसेक वर्षांत केली. तेथील सगळ्या सजावटीपेक्षा ते चिनी आडपडद्यावरचे इंग्रजी कुलचिन्ह मला जास्त बोलके वाटले.

नॅशनल ट्रस्टने सप्टेंबर २०२० मध्ये आपल्या ताब्यातील वास्तूंचा वसाहतींशी आणि गुलामगिरीशी असलेला संबंध तपासणारा अहवाल काढला. त्यात ९३ ठिकाणांची नोंद आहे. त्यावर तिकडे बराच गदारोळ झाला. काहींना हा स्वतःच्या इतिहासाचा अपमान वाटला, काहींना फार उशिरा सुचलेले शहाणपण वाटले. घर ठरवल्यावर त्यातले त्या घराचे पान आधी वाचून जावे, एवढे मी सुचवीन.

पूर्वेचे दालन

मी तुम्हाला केडल्स्टन हॉल सुचवतो आणि जरा सविस्तर सुचवतो, कारण तुमचे दोन्ही प्रश्न तिथे एकाच छताखाली येतात.

केडल्स्टन डर्बी शहरापासून साधारण पाच मैलांवर आहे. लंडनच्या सेंट पॅन्क्रस स्थानकातून डर्बीपर्यंत आगगाडीने दीड तासाच्या आसपास लागतो. पुढे टॅक्सी करणे सोयीचे. येथील जमीन कर्झन घराण्याकडे बाराव्या शतकापासून होती असे मानतात. सर नॅथॅनिएल कर्झन याने १७५९ मध्ये जुने घर पाडून नवे बांधायला घेतले. दोन वास्तुरचनाकारांनी सुरुवात केली आणि मग तरुण रॉबर्ट ॲडमने सर्व काम हाती घेतले. हिशेबनीसांनी हार्डविकबद्दल म्हटले तसेच येथेही हिंदुस्थानचा पैसा नव्हे. हे घर मुख्यतः जमिनीच्या उत्पन्नावर उभे राहिले. हिंदुस्थान इथे आला तो सव्वाशेहून अधिक वर्षांनी आणि अगदी वेगळ्या वाटेने.

आधी घर. हे राहण्यासाठी बांधलेलेच नव्हते, हे लक्षात घेतले की ते चटकन उलगडते. मधली भव्य इमारत केवळ दाखवण्यासाठी; कुटुंब राही ते एका बाजूच्या वेगळ्या इमारतीत, आणि स्वयंपाक होई दुसऱ्या बाजूच्या वेगळ्या इमारतीत. या दोन्ही इमारती अर्धवर्तुळाकार मार्गिकांनी मधल्या भागाला जोडलेल्या आहेत. अशा चार इमारती बांधायचा बेत होता, त्यांतल्या दोनच झाल्या. समोरून आत गेल्यावर मार्बल हॉल लागतो, ज्यात गुलाबी छटेच्या अलाबास्टर दगडाचे २० खांब आहेत. त्यापलीकडे रोमच्या पँथिऑन या प्राचीन देवळावरून बेतलेले गोल घुमटाचे दालन आहे. मागची बाजू रोममधल्या कॉन्स्टंटाइन सम्राटाच्या विजयकमानीवरून घेतली आहे. म्हणजे डर्बीशरच्या कुरणात एका इंग्रज जमीनदाराने स्वतःला रोमन ठरवून टाकले. १७७७ मध्ये इंग्रजीचे प्रसिद्ध कोशकार डॉ. जॉन्सन हे घर पाहायला आले, तेव्हा ही वास्तू नगरभवन म्हणून छान शोभेल, असा शेरा त्यांनी मारला. तो खवचट असला तरी चुकीचा नव्हता.

इथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. जॉन्सन आले तेव्हा त्यांना घर दाखवले ते एका नीटनेटक्या, स्पष्ट उच्चारांच्या वयस्क हाउसकीपरने. अपरिचित पण सभ्य दिसणाऱ्या पाहुण्यांनी नाव कळवावे आणि हाउसकीपरने त्यांना फिरवून आणावे, ही त्या काळची रीत होती आणि तिला त्यासाठी बक्षिसी मिळे. केडल्स्टनच्या मिसेस गार्नेट या हाउसकीपरचे तैलचित्र त्या घरात आहे, आणि त्यात तिच्या हातात घरातल्या चित्रांची छापील यादी आहे. तेव्हा कंट्री हाउस तिकीट काढून पाहणे ही काही आजच्या पर्यटनाने काढलेली टूम नव्हे. घर बांधतानाच प्रेक्षक गृहीत धरलेला होता. आपण तिथे गेलो की त्या घराच्या मूळ हेतूतलीच एक भूमिका करत असतो.

आता हिंदुस्थान. लॉर्ड कर्झनचा जन्म १८५९ मध्ये याच घरात झाला. १८९९ मध्ये तो व्हाइसरॉय होऊन कलकत्त्याला गेला, आणि राहायला कुठे गेला, तर गव्हर्न्मेंट हाउसमध्ये, म्हणजे नंतरच्या राजभवनात. गव्हर्नर जनरल वेलस्लीच्या काळात १७९९ ते १८०३ दरम्यान बांधलेली ती इमारत केडल्स्टनच्याच आराखड्यावरून बेतलेली होती. आपल्या वडिलांच्या घराची मोठी केलेली प्रतिकृती परक्या मुलखात सत्तास्थान म्हणून उभी आहे आणि आपण तिथे राज्य करायला आलो आहोत, असा योगायोग फार थोड्यांच्या वाट्याला आला असेल. ज्या आराखड्यात इंग्रज जमीनदाराने रोमन होण्याची हौस भागवली, तोच आराखडा कलकत्त्यात साम्राज्याचा चेहरा झाला. केडल्स्टनच्या मार्बल हॉलमध्ये उभे राहून हे आठवले की ते खांब निराळेच दिसू लागतात.

तळमजल्यावर ईस्टर्न म्युझियम आहे. कर्झनने आशियातल्या प्रवासांत आणि व्हाइसरॉय असताना जमवलेल्या, भेट मिळालेल्या, विकत घेतलेल्या वस्तू तिथे मांडल्या आहेत : हस्तिदंती काम, शस्त्रे, चांदीची भांडी, वस्त्रे. त्या संग्रहातले सर्वांत प्रसिद्ध वस्त्र म्हणजे लेडी कर्झनचा मोरपिशी पोशाख. १९०३ च्या दिल्ली दरबारानिमित्त झालेल्या नृत्यसमारंभात तिने तो घातला होता. कापडावर सोन्याचांदीच्या तारांचे जरदोजी काम हिंदुस्थानी कारागिरांनी केले, पोशाख शिवला पॅरिसच्या वर्थ या शिवणगृहाने, आणि प्रत्येक मोरपिसाच्या डोळ्यात भुंग्याच्या हिरव्या चमकत्या पंखाचा तुकडा टाचला आहे. त्याचे वजन साडेचार किलोंच्या आसपास भरते. ज्यांनी ते भरतकाम केले त्यांच्या मजुरीचा आणि हातांचा विचार तिथे उभे राहून करावा. शिवणगृहाचे नाव सर्वांना ठाऊक असते.

वहिनींना माझे उत्तर एवढेच की, न पाहता त्यांचा राग अंदाजाने राहील. केडल्स्टन पाहिल्यावर तो तपशिलासह राहील. आणि कर्झन हा बंगालच्या फाळणीचा कर्ता तसाच १९०४ च्या प्राचीन वास्तुसंरक्षण कायद्याचाही कर्ता आहे, ही अडचणीची गोष्टही तिथे सोबत येईलच.

जाताना घराबाहेरचे छोटे चर्च चुकवू नका. पूर्वी त्याभोवती केडल्स्टन गाव होते. घरातून दिसणारे दृश्य मोकळे राहावे म्हणून गाव आणि रस्ता दोन्ही हलवले गेले. फक्त चर्च राहिले. आज जी निसर्गरम्य हिरवळ आपण पाहतो तिच्याखाली कोणाची तरी परसदारे आहेत.

रिकामी खुर्ची

मी इंग्लंडमध्ये राहते आणि काही वर्षे एका घरात रूम गाइड म्हणून विनावेतन काम केले आहे. दालनाच्या कोपऱ्यात गळ्यात ओळखपत्र अडकवून जी मंडळी उभी किंवा बसलेली दिसतात, ती आम्ही. आमच्याविषयी एक गैरसमज दूर करते. आम्ही आपणहून सहसा बोलत नाही, कारण आम्हाला तसे शिकवलेले असते. पण कोणी विचारले तर आमचा दिवस सार्थकी लागतो. आणि विचारताना ‘हे चित्र कोणाचे?’ हे विचारू नये, ते फलकावर असते. ‘दुपारी तीन वाजता या खोलीत कोण असे आणि काय करत असे?’, ‘या खोलीतली कोणती वस्तू तुम्हाला सर्वांत जास्त काळजीत टाकते?’ असे विचारावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दर वेळी निराळे मिळेल.

बऱ्याच लोकांची तक्रार असते की, दालने काळोखी आणि गार असतात. दोन्हींमागे कारण आहे. रेशीम, जलरंग, टॅपेस्ट्री यांचे रंग प्रकाशाने उडतात आणि झालेले नुकसान भरून येत नाही. म्हणून अशा वस्तूंपाशी प्रकाश साधारण ५० लक्सपर्यंतच (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) ठेवतात आणि वर्षभरात एकूण किती प्रकाश पडला याचीही मोजदाद करतात. एक पडदा वर करून ठेवला की वर्षाच्या शिल्लकीतून तेवढा खर्च पडला, असे हे गणित असते. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर दाराशीच दोन मिनिटे थांबावे, डोळे सरावतात. उष्णतेचे म्हणाल, तर अनेक घरांत तापवण्याची यंत्रणा हवेतल्या दमटपणावर चालते, माणसांच्या सोयीवर नव्हे. लाकडाला फार कोरडी हवा सोसत नाही आणि फार ओली हवा झाली की बुरशी व किडे येतात. मे महिन्यातही एक स्वेटर जवळ असावा.

हिवाळ्यात मुख्य दालने बंद असण्याचा उल्लेख वर आला आहे. त्याला इथे ‘घर झोपवणे’ म्हणतात. गालिचे गुंडाळतात, फर्निचरवर सुती खोळी चढवतात, झुंबरे उतरवून एकेक लोलक पुसतात, पुस्तके मऊ ब्रशने झाडून धूळ थेट व्हॅक्यूमच्या तोंडाशी नेतात. ही धूळ मुख्यतः तुमच्याआमच्या कपड्यांचीच असते. माझ्या घरात, म्हणजे जिथे मी काम करत असे त्या घरात, खुर्चीवर काटेरी वाळके बोंड ठेवलेले असे. ‘बसू नये’ असे लिहिण्यापेक्षा ते बरे दिसते आणि जास्त लवकर समजते. ज्या खुर्चीवर बोंड नाही ती पाहुण्यांसाठी असते. ताईंनी निःसंकोच बसावे, आणि एकही रिकामी दिसली नाही तर आम्हाला सांगावे.

जिन्यांबाबत घराच्या संकेतस्थळावरची माहिती वाचून शिवाय फोनही करावा. जुन्या वास्तूत उद्वाहक सहजासहजी बसवता येत नाही, त्यामुळे काही घरांत वरच्या मजल्याची चित्रफीत खालीच दाखवतात, तर काही ठिकाणी नोकरांच्या बाजूच्या सोप्या वाटेने नेतात, पण ते आधी कळवले तर. केडल्स्टनची दरबारी दालने वरच्या मजल्यावर आहेत आणि समोरचा भव्य बाहेरचा जिना चढूनच खरा परिणाम साधतो. तेव्हा हा प्रश्न तिथे नक्की विचारावा. पाठीवरच्या पिशव्या पुढे घ्यायला किंवा बाहेर ठेवायला सांगतात. टाचांचे जोडे टाळावेत. शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या बराच आधी असतो; सकाळी दार उघडताच पोहोचलात तर पहिला तास जवळजवळ तुमच्या एकट्याचा असतो.

सावकाश प्रवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एवढ्या सविस्तर उत्तरांची अपेक्षा नव्हती.

काल रात्री पत्नीला हे सर्व वाचून दाखवले. कलकत्त्याच्या इमारतीचा भाग तिने दोनदा वाचायला लावला. शेवटी म्हणाली, ‘केडल्स्टनला जाऊ, पण मी आधी खालचे संग्रहालय पाहणार आणि मग ठरवणार की वर चढायचे की नाही.’ तळघर यांचा उलटा मार्ग तिने नकळत स्वीकारला आहे असे दिसते. लंडनमध्ये ऑस्टर्लीला पहिल्याच आठवड्यात जाऊ, म्हणजे सराव होईल. तिथे मी फक्त कुलचिन्हे शोधणार आहे आणि ती फक्त लपवलेली दारे.

एक शंका राहिली. टिपणे काढण्याची मला सवय आहे. दालनात वही-पेन चालते का?

रिकामी खुर्ची

वही चालते, पेन नको. शिसपेन्सिल न्यावी, शाईचा एक थेंब रेशमावर पडला तर काय होते ते मी एकदा पाहिले आहे. विसरलात तर दाराशी मागावी, बहुतेक ठिकाणी एखादी पेन्सिल ठेवलेली असते. आणि ताईंना भरतकामात रस असेल तर मोरपिशी पोशाखापाशी उभ्या असलेल्या गाइडला भुंग्यांच्या पंखांविषयी जरूर विचारायला सांगा.